टर्मिनलमधली स्क्रीन न लुकलुकता ताजी कशी ठेवायची: तयारीपासून तपासणीपर्यंत

नागपुरात नवीन मुलांचे टर्मिनल प्रोग्रॅम (फक्त अक्षरांच्या खिडकीत चालणारे) मी बरेचदा तपासतो. बहुतेकांत एकच चूक सापडते: दर सेकंदाला आख्खी स्क्रीन पुसायची आणि वरपासून पुन्हा लिहायची. स्वतःच्या लॅपटॉपवर हे चालून जातं. तोच प्रोग्रॅम कळमना बाजारातल्या अडतीच्या जुन्या कॉम्प्युटरवर, किंवा हिंगणा रोडवरून मोबाइल हॉटस्पॉटने मुंबईच्या सर्व्हरवर चालवला की स्क्रीन लुकलुकते, अर्ध्या ओळी दिसतात आणि बटण दाबल्यावर उत्तर उशिरा येतं. मग मुलं डोकं लावून दुरुस्ती करतात, पण उलट्या क्रमाने. आधी जुन्या-नव्या स्क्रीनची अवघड तुलना लिहितात आणि सोपा एकगठ्ठा राइट (सगळं एकदाच टर्मिनलकडे पाठवणं) विसरतात. म्हणून हा लेख क्रमावर भर देतो.

उदाहरण सगळीकडे एकच ठेवतो: बाजारभावाची पाटी. डावीकडे मालाची नावं (संत्रा, मोसंबी, मिरची, तूर, सोयाबीन), उजवीकडे आवक, किमान भाव, कमाल भाव, आणि खाली एक सूचनापट्टी. स्क्रीन २४ ओळी आणि ८० स्तंभांची.

संकेत कसे वाचायचे ते आधी सांगतो. इथे सगळे संकेत देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत. "एस्केप" म्हणजे २७ क्रमांकाचा बाइट. कोडमध्ये अक्षरं रोमन आणि आकडे इंग्रजी टाकायचे, मधल्या मोकळ्या जागा गाळायच्या. अक्षर मोठं की लहान यावर अर्थ बदलतो. "मोठा एच" कर्सर हलवतो, "लहान एच" एखादी सोय चालू करतो. इथे चूक झाली तर टर्मिनल तक्रार करत नाही, गपचूप वेगळंच काही करतो.

## तयारी: कोडला हात लावण्याआधी

मोजा. आत्ता तुमचा प्रोग्रॅम सेकंदाला किती राइट कॉल करतो आणि किती बाइट पाठवतो, हे दोन आकडे कागदावर लिहून ठेवा. लिनक्सवर एसट्रेसला (प्रोग्रॅमने सिस्टिमला केलेले कॉल दाखवणारं साधन) फक्त राइट कॉल पकडायला सांगा आणि त्याचा निकाल वेगळ्या फाइलमध्ये घ्या, नाहीतर तोच तुमच्या स्क्रीनवर येऊन सगळं विस्कटतो. बाइट मोजायला स्क्रिप्ट ही कमांड सोयीची आहे. तिच्या आत प्रोग्रॅम दहा सेकंद चालवा, बाहेर पडा आणि तयार झालेल्या फाइलचा आकार बघा. हे आकडे नसतील तर पुढची प्रत्येक सुधारणा अंदाजपंचे होईल.

समोर टर्मिनल आहे का, ते विचारा. आउटपुट फाइलकडे किंवा पाइपकडे वळवलेलं असेल तर कर्सर हलवण्याचे संकेत म्हणजे फाइलमधला कचरा. इझएटीटीवाय हे फंक्शन याचं उत्तर देतं. उत्तर "नाही" आलं, किंवा टर्म या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये "डम्ब" असेल, तर साध्या ओळी छापा आणि या लेखातलं काहीही करू नका.

एरर आउटपुट फाइलकडे वळवा. एखादी लायब्ररी मध्येच इशारा छापते, तो नेमका भावांच्या मधोमध उमटतो, आणि तुमच्या प्रोग्रॅमला त्याचा पत्ताच नसतो. "स्क्रीन कधीतरी आपोआप बिघडते" अशी तक्रार आली की मी सगळ्यात आधी इथेच बघतो.

## पायरी १: आत शिरण्याआधी बाहेर पडण्याची वाट बांधा

चित्र काढायच्या आधी हे करायचं. एका अडतीत मी बसवलेला प्रोग्रॅम लिलाव सुरू असताना कोसळला. मी कर्सर लपवला होता आणि टर्मिनल रॉ मोडमध्ये (दाबलेलं बटण स्क्रीनवर न उमटता थेट प्रोग्रॅमकडे जातं तो मोड) टाकला होता, पण परत पूर्ववत करण्याची सोय फक्त नेहमीच्या बाहेर पडण्याच्या रस्त्यावर लिहिली होती. मुनीमजींचा फोन आला, "भाऊ, कीबोर्ड बंद पडला जी!" कीबोर्ड ठीक होता. टाइप केलेलं दिसत नव्हतं, एवढंच. त्यांनी मशीन बंद करून चालू केली, आणि तेवढ्या वेळात पाच-सहा वक्कलांची (मालाच्या ढिगांची) नोंद हातावर राहिली. ती चूक माझी होती.

आत जाताना हा क्रम:

1. टर्मिनलची आत्ताची सेटिंग वाचून जपून ठेवा.
2. रॉ किंवा सीब्रेक मोड लावा. पूर्ण रॉ मोडमध्ये कंट्रोल-सी सिग्नल पाठवत नाही, साधं बटण म्हणून येतं. ते नको असेल तर सीब्रेक घ्या.
3. पर्यायी स्क्रीनवर जा: एस्केप [ ?१०४९ लहान एच. त्यामुळे वापरणाऱ्याच्या आधीच्या कमांड जशाच्या तशा राहतात.
4. कर्सर लपवा: एस्केप [ ?२५ लहान एल.
5. ओळ संपल्यावर आपोआप पुढच्या ओळीवर जाणं बंद करा: एस्केप [ ?७ लहान एल.

बाहेर पडताना उलटा क्रम: रंग पूर्ववत (एस्केप [ ० लहान एम), ओळ गुंडाळणं चालू, कर्सर दाखवा (?२५ लहान एच), पर्यायी स्क्रीन सोडा (?१०४९ लहान एल), आणि शेवटी जपून ठेवलेली सेटिंग परत लावा.

हे सगळं एकाच फंक्शनमध्ये ठेवा आणि प्रत्येक दारातून तेच बोलवा: नेहमीचा शेवट, न पकडलेला एक्सेप्शन, टर्मिनेट सिग्नल, हँगअप सिग्नल. कंट्रोल-झेडचं दार सगळे विसरतात. तिथे थांबण्याआधी स्क्रीन सोडायची आणि परत आल्यावर पुन्हा आत शिरून सगळं नव्याने काढायचं.

> सावधान: सिग्नल हँडलरच्या आत प्रिंट करू नका. तिथे फक्त एक झेंडा वर करा. बाकीचं काम मुख्य लूपला करू द्या.

> तपासा: प्रोग्रॅम चालू असताना दुसऱ्या खिडकीतून त्याला टर्मिनेट सिग्नल पाठवा. कर्सर दिसतो का? टाइप केलेलं उमटतं का? किल -९ मात्र कोणालाच पकडता येत नाही. तिथे वापरणाऱ्याने "रीसेट" टाइप करून एंटर दाबायचं. अक्षरं दिसत नसली तरी कमांड चालते, आणि एंटर ऐकला नाही तर कंट्रोल-जे दाबावं. ही ओळ मी आता छापून मॉनिटरच्या कडेला चिकटवून देतो.

## पायरी २: आधी पूर्ण फ्रेम मेमरीत, मग एकच राइट

फ्रेम म्हणजे स्क्रीनचं एक पूर्ण चित्र. एवढी एकच पायरी केली तरी अर्ध्याहून जास्त लोकांचं काम भागतं.

सी आणि पायथन या दोन्हींत आउटपुट टर्मिनलकडे जात असेल तर ते ओळीओळीने रिकामं होतं. म्हणजे २४ ओळी छापल्या की २४ राइट कॉल. कोणी प्रत्येक प्रिंटनंतर फ्लश (साठलेलं लगेच पाठवणं) लावलं असेल तर आकडा शंभरच्या वर जातो. टर्मिनल यातल्या कोणत्याही दोन कॉलच्या मध्ये स्क्रीन रंगवू शकतो, आणि त्या क्षणी तुमचं चित्र अर्धवट असतं. डोळ्यांना दिसणारी लुकलुक तीच.

उपाय साधा आहे. एक मोठी स्ट्रिंग किंवा बाइटचा बफर घ्या. फ्रेममधलं सगळं, म्हणजे कर्सरच्या हालचाली, रंग, अक्षरं, त्यात जोडत जा. शेवटी एकदाच राइट करा.

इथे तीन गोष्टी चुकतात.

पहिली: राइटने सांगितलेले सगळे बाइट लिहिलेच असतील असं गृहीत धरतात. राइट किती बाइट गेले तो आकडा परत देतो. कमी गेले असतील तर उरलेले पुढच्या फेरीत पाठवायचे, आणि मध्ये दुसरं काहीही पाठवायचं नाही. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइटचं असतं. मध्येच दुसऱ्या थ्रेडने काही घुसवलं तर अक्षर फुटतं आणि तिथे प्रश्नचिन्हाचा चौकोन येतो. म्हणून स्क्रीनवर लिहिणारा थ्रेड एकच ठेवा. बाकीच्यांनी त्याच्याकडे माहिती द्यावी.

दुसरी: रॉ मोडमध्ये नव्या ओळीचं चिन्ह कर्सरला फक्त खाली नेतं, डाव्या कडेला आणत नाही. चित्र जिन्यासारखं तिरकं उतरत गेलं तर कारण हेच. नव्या ओळीचं चिन्ह वापरूच नका. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला कर्सर नेमका ठेवा: एस्केप [ ओळ ; स्तंभ मोठा एच. मोजणी १ पासून होते, ० पासून नाही.

तिसरी: शेवटच्या ओळीचा शेवटचा स्तंभ. गुंडाळणं चालू असताना तिथे अक्षर लिहिलं आणि पुढे आणखी काही आलं की आख्खी स्क्रीन एक ओळ वर सरकते. पायरी १ मध्ये ते बंद केलं, ते यासाठीच.

> तपासा: एसट्रेस पुन्हा चालवा. एका फ्रेमला एक राइट दिसायला हवा. जास्त दिसत असतील तर कुठेतरी जुना प्रिंट उरला आहे. तो शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## पायरी ३: स्क्रीन पुसणं बंद करा

एस्केप [ २ मोठा जे हा संकेत पूर्ण स्क्रीन पुसतो. तो दर फ्रेमला पाठवला तर प्रत्येक फ्रेमच्या आधी क्षणभर कोरी स्क्रीन दिसू शकते. तो दोनच वेळी लागतो: प्रोग्रॅम सुरू होताना आणि खिडकीचा आकार बदलल्यावर.

बाकीच्या वेळी जुन्यावर नवं लिहा, आणि नवं लांबीने कमी असेल तर ओळीचा उरलेला भाग एस्केप [ मोठा के ने पुसा. क्रम असाच हवा: आधी लिहा, मग शेपूट पुसा. आधी ओळ पुसून मग लिहिली तर तीच लुकलुक ओळीपुरती परत येते.

भावाच्या रकान्यात ही चूक लपून राहते आणि म्हणून जास्त घातक आहे. भाव १०२५० वरून ९८०० झाला, तुम्ही चार आकडे लिहिले, पाचवा जुना ० तसाच राहिला. स्क्रीनवर ९८००० दिसतं. बाजारात असा आकडा कोणी खरा मानला तर भांडण तुमच्या दारात येईल. रकान्यातले आकडे नेहमी ठरलेल्या रुंदीत, उजवीकडे टेकवून, डावीकडे मोकळ्या जागा भरूनच लिहा.

> सावधान: शेपूट पुसताना पार्श्वभूमीचा रंग चालू असेल तर काही टर्मिनल उरलेली ओळ त्या रंगाने भरतात, काही भरत नाहीत. पुसण्याआधी रंग पूर्ववत करा. रंगीत पट्टा हवाच असेल तर मोकळ्या जागा लिहून तो भरा.

## पायरी ४: जुनी आणि नवी जाळी ताडून फक्त फरक पाठवा

आता तुलना. दोन जाळ्या ठेवा, प्रत्येक घरात तीन गोष्टी: अक्षर, त्याची रुंदी, रंग. एका जाळीत स्क्रीनवर आत्ता जे आहे ते, दुसरीत जे असायला हवं ते. प्रोग्रॅमचा बाकीचा भाग फक्त "नवी" जाळी भरतो, टर्मिनलशी बोलत नाही.

    प्रत्येक ओळीसाठी:
        नवी ओळ आणि जुनी ओळ सारखी असेल तर ओळ सोडा
        पहिलं बदललेलं घर शोधा
        कर्सर तिथे न्या
        बदललेली घरं बफरमध्ये जोडा
        मध्ये न बदललेली घरं आली तर:
            चार किंवा कमी असतील तर तीही लिहून टाका
            जास्त असतील तर पुढच्या बदलापर्यंत उडी मारा
    बफर रिकामा नसेल तर एकदा राइट
    पूर्ण गेल्यावरच: जुनी = नवी

ती "चार घरं" कुठून आली ते सांगतो. त्याच ओळीत ४० व्या स्तंभावर उडी मारायला एस्केप [ ४० मोठा जी, म्हणजे ५ बाइट लागतात. मधली तीन-चार रोमन अक्षरं पुन्हा लिहायला तेवढेच किंवा कमी. मध्ये देवनागरी किंवा वेगळा रंग असेल तर हिशेब उलटतो, तिथे सरळ उडी मारा. हा आकडा चारऐवजी तीन किंवा सहा ठेवला तरी फार फरक पडणार नाही. त्यावर संध्याकाळ घालवू नका.

फायदा किती? २४ गुणिले ८० म्हणजे १९२० घरं. साध्या रोमन अक्षरांत पूर्ण फ्रेमला किमान १९२० बाइट. एकच पाच आकडी भाव बदलला तर कर्सर न्यायला ८ आणि आकड्यांना ५, मिळून १३ बाइट.

वरच्या कोडच्या शेवटच्या ओळीत लोक घाई करतात. राइट अपुरा राहिला किंवा चुकला, तरी "जुनी = नवी" करून टाकतात. मग प्रोग्रॅमला वाटतं स्क्रीन बरोबर आहे, आणि चुकलेलं घर बदलेपर्यंत तसंच राहतं. कंट्रोल-एल दाबल्यावर जुनी जाळी फेकून सगळं नव्याने काढायची सोय ठेवा. स्क्रीन बाहेरून कोणी बिघडवली तर वापरणाऱ्याच्या हातात तेवढंच असतं.

सूचनापट्टीत ओळी खालून वर सरकत असतील तर सरकण्याचा पट्टा ठरवून द्या: एस्केप [ वरची ; खालची लहान आर. मग पट्ट्याच्या तळाशी नवी ओळ दिली की टर्मिनल स्वतः सरकवतो, तुम्ही एकच ओळ पाठवता. हा संकेत दिल्यावर कर्सर पहिल्या घरात जातो, आणि मेमरीतली जुनी जाळीही तशीच सरकवावी लागते. बाहेर पडताना पट्टा मोकळा करायला एस्केप [ लहान आर.

## पायरी ५: रंग फक्त बदलला तरच पाठवा

पूर्ण रंगसंगतीतला एक रंग सांगायला (लाल, हिरवा, निळा यांचे तीन-तीन आकडी अंक धरून) १९ बाइट लागतात. प्रत्येक अक्षराआधी रंग आणि नंतर पूर्ववत असं केलं तर एका बाइटच्या अक्षरामागे २३ बाइटचं ओझं. "आत्ता लेखणी कोणत्या रंगाची आहे" हे एका चलात ठेवा, फ्रेमच्या सुरुवातीला एकदा पूर्ववत करा, आणि पुढच्या घराचा रंग वेगळा असेल तेव्हाच संकेत पाठवा. चढा भाव हिरवा, उतरता लाल, एवढ्यासाठी मूळचे आठ रंग पुरतात. त्यांचा संकेत ५ बाइटचा.

## पायरी ६: देवनागरीची रुंदी

इथे थोडं थांबून वाचा, कारण मराठी नावं असलेल्या पाट्या इथेच मोडतात.

"नागपूर" हा शब्द घ्या. डोळ्यांना अक्षरं चार: ना, ग, पू, र. संगणकाला चिन्हं सहा: न, ा, ग, प, ू, र. बाइट अठरा. आणि टर्मिनलवर घरं किती? कुठे चार, कुठे पाच. ू, ु, े, ै, ृ, अनुस्वार आणि हलन्ताची खूण ही चिन्हं शून्य रुंदीची धरली जातात, याबद्दल बहुतेक ठिकाणी एकमत आहे. पण ा, ि, ी, ो, ौ आणि विसर्ग यांना कुठे एक घर मिळतं, कुठे शून्य. तुमची लायब्ररी एक धरते, टर्मिनल दुसरं, आणि "मोसंबी" नंतरचा भावाचा रकाना एक-दोन घरं सरकतो. जोडाक्षरांत, म्हणजे "संत्रा" मधल्या त्र मध्ये, घोळ आणखी वाढतो.

म्हणून माझे नियम असे:

स्ट्रिंगच्या लांबीवरून रुंदी काढू नका. बाइटची लांबी नाही, चिन्हांचीही नाही. रुंदी सांगणारं डब्ल्यूसीविड्थ फंक्शन वापरा, पण त्याच्यावरही पूर्ण भरवसा ठेवू नका.

एका घरात पूर्ण अक्षर ठेवा. म्हणजे "क्षि" हे सगळं एका घरातली एक स्ट्रिंग. नाहीतर तुलनेत फक्त वेलांटी बदललेली सापडते, तुम्ही एकटी वेलांटी पाठवता, आणि ती शेजारच्या अक्षराला चिकटते किंवा ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकते. मराठी मजकुराचा रकाना बदलला तर फरक शोधत बसू नका. पूर्ण रकाना मोकळ्या जागांनी भरा, कर्सर मागे न्या, नाव पूर्ण लिहा. सगळं एकाच बफरमध्ये असल्यामुळे लुकलुक होत नाही.

मराठी मजकुरानंतर कर्सर कुठे आहे यावर कधीच विसंबू नका. नाव लिहून झालं की पुढच्या रकान्यासाठी नेमका ओळ-स्तंभ देऊन उडी मारा. आपली मोजणी चुकली तरी आकडे आपल्या जागी उभे राहतात. नावांच्या रकान्याच्या उजवीकडे दोन-तीन घरं मोकळी सोडा, म्हणजे एखादं नाव लांबलं तरी आवकेच्या आकड्यावर चढणार नाही.

टर्मिनललाच विचारा. सुरुवातीला एकदा पहिल्या स्तंभावर "मोसंबी" लिहा आणि एस्केप [ ६ लहान एन पाठवा. टर्मिनल कर्सरची जागा कीबोर्डच्या वाटेने परत पाठवतो: एस्केप [ ओळ ; स्तंभ मोठा आर. आलेल्या स्तंभातून १ वजा केला की या टर्मिनलच्या मते रुंदी मिळते. उत्तराची वाट थोडाच वेळ बघा, कारण काही ठिकाणी ते येतच नाही. आणि त्या वेळात वापरणाऱ्याने दाबलेली बटणं त्याच वाटेने येतात, ती फेकू नका.

> तपासा: "संत्रा", "मोसंबी", "मिरची", "ज्वारी", "हरभरा" अशी पाच नावं आणि पुढे उभी रेघ काढा. किमान दोन वेगवेगळ्या टर्मिनलवर आणि एकदा टीमक्सच्या (एका खिडकीत अनेक टर्मिनल चालवणारा प्रोग्रॅम) आत बघा. पाचही रेघा एकाखाली एक यायला हव्यात.

आकडे देवनागरीत दाखवायला हरकत नाही, त्यांची रुंदी सगळीकडे एकच असते. फक्त एका आकड्याला तीन बाइट लागतील.

## पायरी ७: कधी पाठवायचं

माहिती येताच प्रत्येक वेळी चित्र काढू नका. लिलाव जोरात असताना एका सेकंदात वीस नोंदी येऊ शकतात. नोंद आली की "बदल आहे" असा झेंडा वर करा आणि जास्तीत जास्त १०० मिलिसेकंदांनी एकदा काढा. पाटीसाठी सेकंदाला दहा फ्रेम भरपूर झाल्या. बटण दाबल्याचं उत्तर मात्र लगेच द्या, तिथे १०० मिलिसेकंद जाणवतात.

वाट बघण्यासाठी स्लीप वापरू नका. स्लीपमध्ये असताना बटण ऐकू येत नाही. पोल किंवा सिलेक्ट वापरा: बटण, नवी माहिती किंवा वेळ संपणं, जे आधी होईल त्यावर जागं व्हायचं.

लाइन हळू असेल तर आणखी एक चूक उघडी पडते. प्रोग्रॅम फ्रेमवर फ्रेम रांगेत टाकत जातो, वापरणारा पाच सेकंद जुने भाव बघत बसतो आणि कंट्रोल-सी सुद्धा उशिरा लागल्यासारखं वाटतं. आधीची फ्रेम पूर्ण गेल्याशिवाय पुढची तयार करू नका. मधले बदल गाळले गेले तरी चालतात, कारण पाटीवर ताजा भाव हवा, भावाचा इतिहास नको.

> सावधान: यासाठी आउटपुट नॉन-ब्लॉकिंग करणार असाल तर लक्षात ठेवा, टर्मिनलवर इनपुट आणि आउटपुट ही बहुधा एकाच उघड्या फाइलची दोन नावं असतात. एक बदललं की दुसरंही बदलतं, आणि प्रोग्रॅम संपल्यावर शेलकडे ते तसंच जातं. जुनी सेटिंग परत लावायचं काम पायरी १ च्या फंक्शनमध्ये टाका.

> तपासा: कोणताही भाव बदलत नसताना एसट्रेसमध्ये एकही राइट दिसायला नको. कोपऱ्यात घड्याळ असेल तर सेकंदाला एक, तोही थोड्या बाइटचा.

## पायरी ८: खिडकीचा आकार बदलला तर

आकार बदलला की सिगविंच सिग्नल येतो. हँडलरमध्ये झेंडा, बाकीचं लूपमध्ये. नवा आकार टर्मिनलकडून वाचा, दोन्ही जाळ्या नव्या मापाने बांधा, जुनी जाळी "काहीच माहीत नाही" अशी समजा, स्क्रीन पुसा, पूर्ण काढा. आकार बदलताना काही टर्मिनल ओळी पुन्हा गुंडाळतात, त्यामुळे जुन्या जाळीतलं काहीही वाचवायला जाऊ नका. कोणी खिडकीची कड ओढत असताना असे सिग्नल भराभर येतात. पायरी ७ चा वेळेचा लगाम इथेही लागू करा. खिडकी फारच लहान झाली तर "खिडकी मोठी करा" एवढीच ओळ दाखवा.

## पायरी ९: फ्रेमची सुरुवात आणि शेवट टर्मिनलला सांगा

ही पायरी मुद्दाम शेवटी ठेवली आहे. काही टर्मिनल, उदाहरणार्थ किटी, फूट, वेझटर्म, अॅलाक्रिटी, एक संकेत ओळखतात: एस्केप [ ?२०२६ लहान एच म्हणजे "फ्रेम सुरू झाली, रंगवू नका", आणि त्याचाच लहान एल म्हणजे "झाली, आता रंगवा". दोन्ही त्याच बफरच्या सुरुवातीला आणि शेवटी जोडा. ज्या टर्मिनलला हे कळत नाही ते दुर्लक्ष करतात.

काही मुलं हे सापडल्यावर बाकीच्या पायऱ्या सोडून देतात आणि पुन्हा दर फ्रेमला आख्खी स्क्रीन पुसून लिहितात. नव्या टर्मिनलवर लुकलुक थांबते खरी, पण हॉटस्पॉटवरून तेवढेच बाइट जातात, आणि अडतीतल्या जुन्या मशीनला हा संकेत कळतही नाही.

## एनकर्सेस वापरत असाल तर

एनकर्सेस ही टर्मिनलवर चित्र काढायची तयार लायब्ररी. जाळ्यांची तुलना, रंगाचा हिशेब आणि कर्सरच्या उड्या ही कामं एनकर्सेस स्वतः करतं. तरीही लोक लुकलुक ओढवून घेतात, ती अशी:

क्लिअर आणि इरेज यांत गल्लत होते. क्लिअर पुढच्या वेळी पूर्ण स्क्रीन नव्याने काढायला लावतं, इरेज फक्त मेमरीतली खिडकी रिकामी करतं. दर फ्रेमला इरेजच हवं.

चार खिडक्या असतील तर चार वेळा रिफ्रेश बोलवतात. त्याऐवजी प्रत्येक खिडकीला डब्ल्यूनाउटरिफ्रेश आणि शेवटी एकदाच डूअपडेट.

गेटसीएच बटण वाचण्याआधी मुख्य खिडकी बदललेली असेल तर तिला स्वतःहून रिफ्रेश करतं. "मी तर रिफ्रेश बोलवलंच नाही" असं वाटत असताना स्क्रीन हलली तर कारण हे.

मराठीसाठी एनकर्सेसची रुंद अक्षरांची आवृत्ती जोडा, आणि एनकर्सेस सुरू करण्याआधी सेटलोकेल बोलवा. हे विसरलात तर "तूर" च्या जागी चिन्हांची रांग येते. एनकर्सेस चालू असताना प्रिंटएफ मात्र अजिबात नको. त्याच्या जाळीला ते कळत नाही. आणि रुंदीचा घोळ एनकर्सेसमध्येही आहेच, त्यामुळे पायरी ६ मधला मोकळ्या घरांचा आणि पूर्ण रकाना लिहिण्याचा नियम इथेही पाळा.

## देण्याआधीची तपासणी

सुरुवातीला कागदावर लिहिलेले दोन आकडे काढा आणि पुन्हा मोजा. मग याच क्रमाने बघा:

1. शांत असताना राइट शून्य, बदल झाल्यावर एका फ्रेमला एक.
2. भाव पाच आकड्यांवरून चारवर आणा. जुना आकडा मागे राहतो का?
3. कंट्रोल-झेड, मग एफजी (थांबलेला प्रोग्रॅम परत आणणारी कमांड). स्क्रीन पूर्ण परत येते का?
4. खिडकीची कड दहा सेकंद जोरात ओढा.
5. आउटपुट फाइलकडे वळवा. फाइलमध्ये एकही एस्केप नको.
6. मोबाइल हॉटस्पॉट लावून एसएसएचने दूरच्या सर्व्हरवर चालवा, आणि नोंदींचा मारा सुरू असताना बाहेर पडण्याचं बटण दाबा. प्रोग्रॅम लगेच थांबला नाही तर पायरी ७ मध्ये कुठेतरी फ्रेम रांगेत साठत आहेत. तिथे परत जा.